आई-बाबांसाठी नवा डेस्कटॉप घ्यायचाय (बाबांची जुन्या फॉन्टातली सहाशे पानं आहेत)

वेलांटी – २६ ऑक्टोबर २०२५

दिवाळीला मिरजेला गेले होते, काल रात्री पुण्यात परतले. बाबांचा कॉम्प्युटर आता खरंच थकलाय. २०१३ साली सांगलीत जोडून घेतलेला, तिसऱ्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क. सकाळी बटण दाबून बाबा आंघोळीला जातात आणि पूजा आटोपून येतात, तेव्हा कुठे तो कामाला लागतो. त्यात विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर, त्यामुळे त्या मशीनवर ते बसणार नाही. म्हणजे नवीन घेणं आलंच.

आधी दोघांबद्दल सांगते, कारण नुसतं 'कोणता घेऊ' विचारलं की नुसती मॉडेलं मिळतात.

बाबा ७६ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. मराठी टंकलेखन ते यंत्रावर शिकले. आजही जुन्या फॉन्टात, टाइपरायटरच्याच मांडणीने, कीबोर्डकडे न बघता टाइप करतात. गेली बारा वर्षं ते मिरजेतल्या सतार-तंबोरे करणाऱ्या घराण्यांच्या आठवणी लिहून काढतायत. कोणाकडे भोपळे कुठून यायचे, जवारी (तारांचा गुंजणारा नाद) कोण काढायचं, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतिदिनाला दर्ग्यात कोण कोण गाऊन गेलं, असं सगळं. सुमारे सहाशे पानं झालीत. ती सगळी त्या एका हार्ड डिस्कवर आणि एका पेन ड्राइव्हवर आहेत.

आई ७१ ची. भिशीचा हिशोब एक्सेलमध्ये ठेवते, संध्याकाळी झूमवर गीतेचा वर्ग असतो, आणि बेळगावच्या मावशीशी व्हिडिओ कॉल. तिला प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी तासभर बाबांच्या बाजूला स्टूल टाकून बसले, काहीही न सांगता, नुसतं बघत. एक ओळ टाइप झाली की ते थांबतात, मान मागे टाकतात, हनुवटी वर करून चष्म्याच्या खालच्या भागातून वाचतात, मग पुढची ओळ. तासाभरात किती वेळा मान मागे गेली ते मी मोजायचं सोडून दिलं. स्पॉन्डिलायटिसच्या गोळ्या ते चार वर्षं घेतायत, आणि हे मला आत्ता दिसलं.

बजेट पन्नास हजारांपर्यंत. लॅपटॉप दोघांनाही नको. असेंबल्ड, ब्रँडेड, ऑल-इन-वन की ते छोटे डबे (मिनी पीसी)? आणि बाबांच्या पानांचं काय करू? दुसरा प्रश्न मला जास्त छळतोय.


सोल्डरगन – २६ ऑक्टोबर

वेलांटीताई, मशीनचा भाग सोपा आहे, तो आधी उरकू.

या कामांना कुठलाही आजचा साधा प्रोसेसर पुरतो. बाराव्या पिढीचा किंवा त्यापुढचा आय-३ घ्या, नाहीतर त्या तोडीचा रायझन. ग्राफिक्स कार्डावर एक रुपया घालवू नका. रॅम ८ जीबी चालेल, पण झूम आणि क्रोम एकत्र उघडणाऱ्या घरात १६ घ्या. रॅमचे भाव सध्या चढतायत, तेव्हा उगाच दोन महिने थांबू नका. आणि हार्ड डिस्क नको, एसएसडी (न फिरणारी, जलद डिस्क) हवीच, ५१२ जीबीची एनव्हीएमई प्रकारची. बाबांची ती आंघोळीएवढी वाट बघण्याची वेळ निम्म्याहून जास्त त्या फिरत्या डिस्कमुळे आहे.

ऑल-इन-वन दिसायला छान. पण स्क्रीन गेली की सगळंच दुकानात न्यायचं, आणि बहुतेकांची उंची बदलता येत नाही. तुमच्याकडे मानेचा प्रश्न आहे, म्हणून मी तरी तो बाद करीन. मिनी पीसी चांगला पर्याय आहे. एन-१०० प्रोसेसरवाले तर जेमतेम पंधरा-वीस वॅट खातात, मॉनिटरच्या पाठीला स्क्रूने लावता येतात, आवाज जवळजवळ नाही. फक्त मिरज-सांगलीत दुरुस्ती कोण करणार ते आधी विचारा. साधा टॉवर कुठल्याही गल्लीतला मुलगा उघडून बघतो.

एक कळकळीचं सांगणं. दुकानदार 'विंडोज टाकून देतो' म्हणाला की बिलावर लायसन्स वेगळं लिहून मागा. क्रॅक केलेलं विंडोज तरण्या माणसाला झेपतं, आईवडिलांच्या बँकेच्या मशीनवर ते ठेवू नये.


मिशिगनकर – २७ ऑक्टोबर

मी गेल्या वर्षी नाशिकला आईसाठी मॅक मिनी घेतला. एम-४ वाला, १६ जीबी, तेव्हा ५९,९०० ला होता, मॉनिटर वेगळा. वर्षभरात एकदाही फोन नाही की 'हे काय आलंय बघ'. बजेट थोडं ताणता आलं तर विचार करा.


जुनी_लिपी – २७ ऑक्टोबर

मिशिगनकर, मशीन उत्तमच आहे, पण या घरात नको. बाबांचं जुनं टायपिंगचं सॉफ्टवेअर विंडोजचं आहे, आणि पन्नास वर्षांची बोटांची सवय त्यावर उभी आहे. ७६ व्या वर्षी माणसाला नवी ऑपरेटिंग सिस्टिम आणि नवी कीबोर्ड मांडणी एकदम शिकायला लावली तर लिखाण थांबतं. माझ्या सासऱ्यांचं थांबलं. त्यांना आम्ही हौसेने सगळं नवं घेऊन दिलं आणि त्यांनी वही-पेन काढलं, पुढे तेही सुटलं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी पंचवीस वर्षं डीटीपी (कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावणं) केलं. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी या जुन्या फॉन्टांत संगणकाला मराठी कळतच नसे. आत साठवलेली असतात इंग्रजी कीबोर्डचीच चिन्हं, फॉन्ट फक्त त्यांच्यावर मराठी अक्षरांची चित्रं चढवतो. फॉन्ट काढला की उरतो इंग्रजी अक्षरांचा चिवडा. युनिकोड या आजच्या प्रमाण पद्धतीत 'क' हा खरोखर 'क' म्हणून साठतो, म्हणून तो फोनवर, मेलमध्ये, छापखान्यात, सगळीकडे तसाच दिसतो.

रूपांतराची सॉफ्टवेअरं आहेत, मोफतही आहेत. पण ती कुठे चुकतात ते माहीत असावं. जुन्या फॉन्टात अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने टाइप होतात. 'मिरज' लिहिताना आधी पहिली वेलांटी, मग म. युनिकोडमध्ये आधी म, मग वेलांटी. रफाराचं याच्या उलट. जुन्या पद्धतीत 'कार्यक्रम' लिहिताना 'काय' झाल्यावर वरून रफार द्यायचा, युनिकोडमध्ये र् हा य च्या आधी यावा लागतो. रूपांतर करणाऱ्याला हे नीट जमलं नाही की 'कायर्क्रम' होतं. हा शब्द तुम्ही सरकारी पत्रकांत आणि लग्नपत्रिकांत पाहिलाच असेल, त्याचं मूळ हे आहे. 'तऱ्हा', 'सुऱ्या' यांतला आडवा र आणि 'द्ध', 'ह्म' अशी जोडाक्षरंही तपासावी लागतात.

तेव्हा असं करा. काहीही हलवण्याआधी, जुन्याच मशीनवर, सहाशे पानांची पीडीएफ करून घ्या. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच राहतो, मजकूर दिसतो तसा सुरक्षित होतो. मूळ फायली आणि फॉन्ट दोन वेगळ्या डिस्कवर उतरवा, एक तुमच्याकडे पुण्यात ठेवा. मग एकच प्रकरण रूपांतरित करून बघा. चुका ठरावीक असतात, त्यांची यादी केली की एकदम शोधून बदलता येतात. पण शेवटचं वाचन माणसानेच करायचं.

आणि बाबांना इन्स्क्रिप्ट शिकायला लावू नका. ती मांडणी उत्तम आहे, १९८० च्या दशकात सरकारने प्रमाण म्हणून आणली, नव्याने शिकणाऱ्याने तीच शिकावी. पण त्यांची बोटं टाइपरायटरवर बसलीत. टाइपरायटरच्याच मांडणीने युनिकोड लिहिता येतं, सी-डॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएम सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहे. बोटं तीच, खाली साठणारं अक्षर फक्त बदललेलं. आईंसाठी विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, २०१९ पासून, वेगळं काही टाकावं लागत नाही.


नाना७८ – २७ ऑक्टोबर

मी तुमच्या बाबांच्या वयाचा. दोन शब्द लिहू का?

माझ्या मुलाने मला न विचारता कॉम्प्युटर पाठवला. खोक्यातून काढला तेव्हा आनंद झाला. पण त्याचा कीबोर्ड सपाट, लॅपटॉपसारखा. बोट दाबल्याचं कळतच नाही, एका अक्षराची दोन होतात. मला वाटलं आपलाच हात थरथरतोय. दोन महिने कोणाला बोललो नाही. नंतर नातू सुट्टीला आला, त्याने शेजारच्या दुकानातून उंच बटणांचा साधा वायरचा कीबोर्ड आणून लावला, आणि हात थरथरायचा थांबला.

तुम्ही स्टूल टाकून बसलात, हे वाचून फार बरं वाटलं. कीबोर्ड मात्र बाबांना दुकानात नेऊन त्यांच्या बोटांनी निवडू द्या. माउसही वायरचाच घ्या, सेल संपले की आम्हाला वाटतं मशीन बिघडलं.


कृष्णाकाठ – २८ ऑक्टोबर

सांगलीहून लिहितोय, त्यामुळे तुमच्या घराकडची वीज आणि पाणी दोन्ही माहीत आहेत.

२०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. आम्ही गाद्या, धान्य, देव माडीवर नेले. टेबलाखाली जमिनीवर ठेवलेला सीपीयू कोणाच्याच लक्षात आला नाही. आत भावाच्या लग्नाचे फोटो होते. मिरजेत तुमचं घर उंचावर असेल, तरीही कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका. फरशी पुसताना पाणी जातं, धूळ सगळ्यात जास्त खालीच खेचली जाते, आणि पेन ड्राइव्ह लावायला म्हाताऱ्या माणसाला वाकावं लागतं.

दुसरं, अर्थिंग. आईंना विचारा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की बारीक झिणझिण्या येतात का? जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकात वायरच जोडलेली नसते. पॉवर सप्लायमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून थोडासा करंट पत्र्यावर येतो, त्याने जमिनीत जायचं असतं. अर्थ नसला की तो तिथेच बसतो आणि हाताला लागतो. लोक पायाखाली पाट घेतात आणि वर्षानुवर्षं चालवतात. वायरमन बोलवा, नवीन मशीन येण्याआधी.

यूपीएस साधा ६०० व्हीएचा घ्या. त्यावर दहा-पंधरा मिनिटं मिळतात, तेवढ्यात लिहिलेलं सेव्ह करून बंद करता येतं. लेझर प्रिंटर त्यावर लावू नका, तापताना तो एकदम जास्त वीज ओढतो. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं का बघा. ते दाबलेलं नसेल तर लाइट गेल्यावर पंखा चालू राहतो पण कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू होतो.


उंबरठा – २८ ऑक्टोबर

घाई करू नका एवढंच सांगते. विंडोज १० ला सुरक्षेचे अपडेट नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावरच तो पर्याय दिसतो. तोवर पानं नीट उतरवून घ्या. बाबांच्या मशीनवर लिनक्स मिंट टाकूनही ते पळेल, पण जुनं टायपिंगचं सॉफ्टवेअर त्यावर बहुधा चालणार नाही.

बाबांना पेन्शन असेल तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला आला. तो आता मोबाईलवर चेहरा दाखवून होतो, त्यासाठी कॉम्प्युटरला अंगठ्याचं यंत्र वगैरे घेऊ नका.


वेलांटी – २९ ऑक्टोबर

सगळ्यांचे मनापासून आभार. कृष्णाकाठदादा, आईला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "अगं, ते तर पहिल्यापासूनच आहे. मी पुसताना हातात कोरडं फडकं घेते." बारा वर्षं! उद्याच वायरमन येतोय.

नानाकाका, तुमचं दोनदा वाचलं. बाबांनाही वाचून दाखवलं फोनवर. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "कीबोर्डचं बरोबर सांगतायत ते."

मिशिगनकर, मॅकचं मनात होतं, पण जुनी_लिपीताईंचं पटलं.

आता एक प्रश्न. मी पुण्यात, ते मिरजेत. काही अडलं तर इथून कसं बघू? एनीडेस्क (दुरून कॉम्प्युटर चालवायचं अ‍ॅप) टाकून देऊ का?


पहारा – २९ ऑक्टोबर

ताई, टाकून ठेवू नका. बँकेत सायबर फसवणुकीच्या तक्रारी बघण्याचं काम मी नऊ वर्षं केलं, म्हणून आग्रहाने लिहितो. ती अ‍ॅप वाईट नाहीत, पण फसवणाऱ्यांचं पहिलं वाक्यच असतं, "काका, तुमच्याकडे एनीडेस्क आहे का?" रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना याबद्दल सावध केलं होतं. आधीपासून आयकॉन समोर असला की त्यांचं अर्धं काम झालेलं असतं.

विंडोजमध्ये क्विक असिस्ट आहे. त्यात दर वेळी मदत करणाऱ्याकडून नवा कोड घ्यावा लागतो आणि समोरच्याने परवानगी द्यावी लागते. तो वापरा, पण नियम घालून द्या: मुलीने स्वतः फोन केला, तिचा आवाज ओळखला, तरच तो उघडायचा. कोणी बँकेतून, पोलिसांतून, कॉम्प्युटर कंपनीतून बोलतोय म्हणाला की फोन ठेवायचा. डिजिटल अटक नावाची गोष्ट कायद्यात नाही, हे दोघांनाही समोर बसून सांगा. माझ्यासमोर आलेली बहुतेक माणसं शिकलेली होती, निवृत्त होती, आणि घाबरून कोणालाही न सांगता दोन-दोन दिवस पैसे पाठवत राहिली होती.

दोघांची खाती स्टँडर्ड ठेवा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे. आणि १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवा. पैसे गेले तर पहिल्या तासाभरात फोन झाला तर ते वाचण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.


निशिगंध – ३० ऑक्टोबर

मी चष्म्याच्या दुकानात ऑप्टोमेट्रिस्ट आहे. मानेचं कारण मशीन नाही, चष्मा आहे. बायफोकल आणि प्रोग्रेसिव्हमध्ये जवळचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो. स्क्रीन डोळ्यांसमोर असते, म्हणून माणूस हनुवटी वर करतो. तरुणांना सांगतात की मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत ठेवा. या चष्म्याला ते लागू नाही. मॉनिटर त्याहून बराच खाली आणा, वरचा भाग किंचित मागे कलवा, म्हणजे नजर आपोआप खाली जाईल.

त्याहून चांगला उपाय म्हणजे फक्त कॉम्प्युटरसाठी एकाच नंबरचा वेगळा चष्मा. बाबा बसतात तिथे डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि तो आकडा तपासणीला घेऊन जा. साधी फ्रेम घेतली तर फार खर्च नाही.

मॉनिटर २७ इंची फुल एचडी घ्या. तेवढेच ठिपके मोठ्या जागेत पसरले की २४ इंचीपेक्षा अक्षर आपोआप मोठं दिसतं. तरुण मुलं त्याला भरड म्हणतात, पण सत्तरीत तेच वाचायला सोपं जातं. शिवाय विंडोजमध्ये अक्षरांचा आकार १२५ टक्के करा.


वेलांटी – २३ नोव्हेंबर

तीन आठवडे मिरजेच्या दोन फेऱ्या आणि खूप फोन. झालं ते लिहिते, कोणाला उपयोगी पडेल.

सांगलीत टॉवरच घेतला, आय-३, १६ जीबी, ५१२ ची एसएसडी. मॉनिटर २७ इंची, उंची खालीवर होणारा. विंडोज लायसन्ससह, बिलावर वेगळं लिहून. यूपीएस धरून एकूण ५३ हजार, म्हणजे बजेटच्या थोडं वर. पहिल्या दुकानात लायसन्स वेगळं मागितल्यावर त्यांनी 'कोण विचारतंय' म्हणून झटकलं, तिथून निघालो.

कीबोर्डसाठी बाबांना घेऊन गेले. दुकानातल्या मुलाने पाच कीबोर्ड काउंटरवर मांडले. बाबांनी डोळे मिटून प्रत्येकावर तीच ओळ टाइप केली, तिसऱ्यावर हात थांबला. सातशे रुपयांचा होता.

चष्मा केला, ६५ सेंटिमीटर अंतर सांगून. मॉनिटर इतका खाली आणलाय की मला तो विचित्र दिसतो. पण मी पुन्हा स्टूल टाकून बसले, या वेळी अर्धा तास, आणि मान एकदाही मागे गेली नाही. निशिगंध, तुम्हाला काय सांगू!

अर्थिंगची वायर खरंच जोडलेली नव्हती. आता पत्रा गार लागतो, बाकी काही नाही.

सहाशे बारा पानांची पीडीएफ झाली. जुनं मशीन नेट काढून कोपऱ्यात ठेवलंय, मूळ फायली उघडायला लागलं तर असावं म्हणून. आयएसएममध्ये टाइपरायटरची मांडणी लावून दिली. पहिले दोन दिवस बाबा चिडले, एक-दोन चिन्हं इकडची तिकडे आहेत. तिसऱ्या दिवशी फोन आला नाही. चौथ्या दिवशी मीच केला, तर आई म्हणाली, "लिहितायत. नंतर कर."

जुनी_लिपीताई, पहिलं प्रकरण रूपांतरित केलं, ४२ पानं. 'कायर्क्रम' एकोणीस वेळा निघाला. तुम्ही सांगितल्याप्रमाणे यादी करतेय. 'जवारी' आणि 'तारपेटी' सगळीकडे नीट आलेत, पण 'तुंबा' कुठेकुठे 'तंुबा' झालाय. अनुस्वार आणि उकार यांचा क्रम उलटा पडतोय का? सगळीकडे एकदम बदलू की आधी तुम्ही एक पान बघाल?


जुनी_लिपी – २३ नोव्हेंबर

हो, तेच. आधी उकार, मग अनुस्वार यायला हवा. एकदम बदलू नका, त्याच चुकीचे 'गंुता', 'कंुभार' असे भाऊबंद असतील, सगळे सापडू दे. दोन पानं मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, आज रात्रीच बघते. आणि बाबांना विचारा, भोपळ्याचं प्रकरण कुठलं? मला ते आधी वाचायचंय.